नकाशात नसलेली ओटी

आनंदीबाईचं घर शोधायला आलेला माणूस हमखास पुढं निघून जातो. आळी संपते, डांबर संपतं, चढण लागते आणि तिथं आइनाची झाडं, एक काळा कातळ आणि करवंदीची जाळी एवढंच दिसतं. गॅसवाला टेंपो थांबवून हाका मारतो, "अवं काकी, घर कुठाय?" मग कातळामागून उत्तर येतं, "तुझ्या नाकासमोर हाय रं. चष्मा लाव!"

आवाज करडा, आणि तो पहिल्यापासूनच तसा. माहेर कुंभिवलीचं, अगदी हायवेला लागून. ट्रक, टपऱ्या, पंक्चरवाले, दारात सदा कुणी ना कुणी. तिथं हळू बोलणाऱ्याचं कोण ऐकणार? लग्न होऊन ती कर्जतच्या बाजूला डोंगराखालच्या या गावात आली, तेव्हा सासूनं पहिल्याच दिवशी बजावलं, "हळू बोल गं, आळीत ऐकू जातं." नवी नवरी म्हणाली, "आळीनं ऐकावं म्हणूनच बोलते."

तेव्हापासून आळी ऐकत आली. रेशनवाल्यानं मशीन बंद असल्याचं सांगितलं की बायका आनंदीबाईकडं यायच्या. ती जाऊन दुकानाच्या पायरीवर नुसती बसायची. थोड्या वेळानं मशीन आपोआप चालू व्हायचं. कुणाच्या सुनेला मारहाण झाली, कुणाच्या विहिरीत फार्महाऊसवाल्याचं घाण पाणी आलं, सगळ्या तक्रारी तिच्याकडं. आणि हा सगळा कारभार चालायचा तो ओटीवरून. घराच्या पुढं, जोत्यावर, आळीला लागून असलेली लांबलचक ओटी. भिवाजी आणि त्याचा धाकटा भाऊ राजेश यांचं ते वडिलोपार्जित घर. मधे भिंत घालून दोन संसार केलेले, पण ओटी एकच. आनंदीबाईची बसायची जागा ठरलेली, मधल्या खांबाशी. तिथं तांदूळ निवडले जायचे, भांडणं मिटायची, नवी भांडणं लागायची. मतं मागायला येणारा पुढारी त्या ओटीसमोर आला की जपून चालायला लागायचा.

तिचा नवरा भिवाजी नेमका उलट. त्याला कुणी बोलतं केलं तरच बोलायचा. उभी हयात साजगावच्या एका कारखान्यात भट्टीवर गेली. सुटी झाल्यावर घरी यायचा आणि ओटीवरच्या गर्दीतून वाट काढत आत जाऊन पडायचा. पन्नाशी ओलांडली तसा त्याला धाप लागायला लागली. आधी चढणीला, मग अंगणात, मग जेवताना. विडीनं की भट्टीनं ते डॉक्टरनं सांगितलं नाही, आणि कारखान्यानं विचारलं नाही. नोकरी सुटली. डोक्यावर पत्रा आणि मागं-पुढं दुसऱ्यांच्या भिंती असलेल्या त्या घरात तो माशासारखा तोंड उघडून श्वास घ्यायचा.

त्यांची एकुलती पोर समीक्षा. तिला आनंदीबाईनं हट्टानं शिकवलं. ती आर्किटेक्ट झाली आणि पनवेलच्या एका ऑफिसात लागली. पहिल्या दिवाळीला घरी आली तेव्हा बापाची ती अवस्था बघून तिनं ठरवलंच, बाबांसाठी घर बांधायचं. आळीच्या वरच्या अंगाला त्यांची वरकस जमीन होती. नाचणी-वरीपुरती, एरवी नुसतं गवत. ती भिवाजीनं घ्यायची आणि जुन्या घराचा आपला हिस्सा राजेशला द्यायचा, असं भावाभावांत ठरलं. कुरकुर न होता ठरलं, हे विशेष.

"बाबा, घरात काय काय हवं?" समीक्षानं कागद पसरून विचारलं.

"सावली."

"आणि?"

"आनखी सावली."

मग ती सबंध वर्षभर सुटीच्या दिवशी यायची आणि त्या टेकाडावर बापलेक फिरत बसायचे. ऊन कुठून येतं, वारा कुठून शिरतो, पाणी कसं उतरतं, ते ती बघायची. तो दोन पावलं टाकून थांबायचा, पण डोळ्यांत तरतरी असायची. थर्माकोलचं घर तयार झालं. काय होतं त्या घरात! टेकाड सपाट करायचं नाही. घरच दोन पायऱ्यांत उतारावर बसवायचं. कातळ फोडायचा नाही. तोच स्वयंपाकघराची एक भिंत. पश्चिमेला जाड दगडी भिंत, म्हणजे दुपारचं ऊन बाहेरच राहील. छप्पर कौलारू आणि इतकं खाली उतरवलेलं की खालून बघणाऱ्याला झाडांची सावलीच वाटावी. मागच्या बाजूला आइनाखाली दगडी पार, भिवाजीच्या खुर्चीसाठी. आणि वर यायला झाडांमधून वळणं घेत जाणारी अरुंद पायवाट.

राजेशनं मॉडेल हातात घेऊन उलटंसुलटं केलं. "दादा, ह्येला जोतंच नाय? रस्त्यावरून दिसाया पायजे रं घर. दोन मजले चढव, खांबावर सिंव्ह बसव. पोरीला एवढं शिकवलं ते घर लपवाया?"

"दिसून कुणाचं भलं झालंय?" भिवाजी म्हणाला. "मला दम खायाला जागा पायजे."

खरं तर भोवती काय चाललं होतं ते बघितलं तर या घराला हसायची कुणाची छाती व्हायला नको होती. नेरळपासून इकडं टेकड्याच्या टेकड्या जेसीबीनं सोलून काढल्यात आणि त्या सोललेल्या अंगावर 'निसर्गाच्या कुशीत' म्हणून पाट्या ठोकल्यात. झाडं तोडायची आणि गल्ल्यांना झाडांची नावं द्यायची! समीक्षाच्या घरासाठी एक झाड पडलं नाही, ही गोष्ट कबूल करायलाच हवी.

आईलाही तिनं विचारलं होतं. आनंदीबाई तेव्हा ओटीवर, खांबाशी, सुकट निवडत बसली होती. भोवती बायका.

"आई, तुझं सांग. तुला काय काय हवं?"

"चूल पायजे मागल्या दारी. गॅसवरची भाकर म्हंजी भाकर नव्हं. भाताच्या कणगीला कोरडी जागा. न्हाणी मोठी. आन तुळस."

"आणखी?"

"आनखी काय गं! घर हाय, राजवाडा नाय."

बायका हसल्या. समीक्षानं लिहून घेतलं. ओटीवर बसून, ओटीला पाठ टेकून सगळ्यांनी घराचा विचार केला आणि ओटी कुणी मागितली नाही. मागणार तरी कोण? समीक्षानं जुनं घर टेपनं मोजलं होतं, पण उंबऱ्यापासून आत. उंबऱ्याबाहेरचं तिला मोजावंसंच वाटलं नाही, कारण ते घराचं नव्हतं, आळीचं होतं. त्याच ओटीवर ती रांगली, त्याच ओटीवर अभ्यासाला बसली, त्याच ओटीवर तिनं बारावीचा निकाल ऐकला. घर मागताना कुणी वारा मागतं का? तसंच ते. वारा मात्र पोरीनं नकाशात बाण काढून काढून दाखवला होता.

नेरळच्या हारूनभाई ठेकेदाराची माणसं लागली आणि पावसाआधी घर उभं राहिलं.

सामान हलवायच्या दिवशी जना, म्हणजे राजेशची बायको, ओटीवर उभी होती. या दोघी जावांचं कधीच धड नव्हतं. एकीचा आवाज मोठा, दुसरीची जीभ बारीक. टेंपोत शेवटचं पिंप चढलं तशी जना सगळ्या आळीला ऐकू जाईल असं म्हणाली, "चालली बाय आमची थोरली झाडात ऱ्हायाला. वानरं येतील पाव्हनी!"

आळी हसली. आनंदीबाईवर आळी हसली, हे पहिल्यांदाच झालं होतं. ती टेंपोत चढता चढता थांबली.

"जना, ध्यानात ठेव. तुझ्या वटीला माजा पाय लागला तर शप्पथ हाय मला माज्या बापाची."

आणि तिनं ते पाळलं. आळीतून जाताना ती पलीकडच्या कडेनं जायची, तिथं गटार असलं तरी.

घर मात्र खोटं निघालं नाही. वैशाखाच्या दुपारी आत गारवा असायचा. भिवाजी पारावर खुर्ची टाकून बसायचा आणि त्याची छाती सावकाश वर-खाली व्हायची, पूर्वीसारखी फडफडत नव्हती. पोरीनं बापासाठी हवा बांधून दिली होती. आनंदीबाई त्याला चहा द्यायला गेली की क्षणभर उभी राहून नुसता तो श्वास ऐकायची.

मग तिचा दिवस सुरू व्हायचा, आणि तो संपता संपायचा नाही. कुणी येत नव्हतं. भांडण झालं म्हणून नव्हे. लोकांची माया आटली असंही नव्हे. ओटीवर माणूस येत नाही, जाता जाता टेकतो. बाजारातून येताना, गिरणीवर जाताना, पायात काटा मोडला म्हणून. या घरी यायचं तर मुद्दाम यावं लागायचं. आळी सोडायची, चढण चढायची, झाडं ओलांडायची, वळणं घ्यायची, आणि मग कारण सांगायचं. काही कारण नसताना एवढं कोण चढणार? ती खाली जायची. दुसऱ्यांच्या ओट्यांवरून हाका यायच्या, "ये गं, बस." पण बसून राहिलेल्या बाईकडं लोक येतात, चालत आलेल्या बाईला लोक विचारतात, "काय काम काढलंस?" हळूहळू रेशनच्या तक्रारी दुसऱ्या कुणाकडं जायला लागल्या. कुणाच्या हळदीचं बोलावणं आलंच नाही, बोलावणारी पोरगी म्हणाली, "काकी, तुमचं घर ध्यानातच आलं नाय."

तिनं हे कुणाला सांगितलं नाही. सांगायचं म्हणजे जनाचं खरं झालं म्हणायचं. एकदा भिवाजीनंच विचारलं, "तुला करमत नाय ना गं हितं?"

"तुमाला दम लागतोय का?"

"नाय."

"मंग गप ऱ्हावा."

शनिवार-रविवारी मात्र वर्दळ. समीक्षाच्या ऑफिसची माणसं गिऱ्हाइकांना घर दाखवायला आणायची. फोटो काढायची, कातळावरून हात फिरवायची. एकदा मुंबईचं जोडपं आलं. बाई डोळे मिटून उभी राहिली आणि म्हणाली, "मावशी, किती शांत आहे हो इथे!"

"शांतता लय हाय," आनंदीबाई म्हणाली. "पिशवी आणलीय का? भरून देते."

बाई हसली. समीक्षा हसली नाही. तिनं आईकडं नीट बघितलं, काहीतरी विचारणार होती, तेवढ्यात ऑफिसच्या साहेबांनी छपराच्या उताराबद्दल काही विचारलं आणि ते राहून गेलं.

पुढच्या पावसाळ्यात, गौरी-गणपती होऊन गेल्यावर, भिवाजीला ताप भरला. तो छातीत उतरला. कर्जतला दवाखान्यात नेलं. हवा बाहेर कितीही चांगली असली तरी ती घ्यायला आत काही उरलेलं नव्हतं. सकाळी तो गेला.

दुपारी त्याला घेऊन अँब्युलन्स आळीत आली तेव्हा पाऊस असा कोसळत होता की समोरचं दिसत नव्हतं. टेकाडाच्या पायथ्याशी, पायवाट सुरू होते तिथं, गाडी थांबली. आळी सगळी जमा झाली होती. छत्र्या, घोंगड्या, डोक्यावर पोती. सगळे वर बघत होते. शेवटी आळीतला संतोष पुढं झाला.

"काकी, कसं करायचं? वाट निसरडी झालीय. आन वळणाला चौघं एका टायमाला मावत नाय."

"मावतील," समीक्षा म्हणाली. तिचा आवाज फाटला होता. "दोघं-दोघं मिळून उचलू. मी पकडते. बाबांना घरी न्यायचंय. त्यांचं घर आहे ते! त्यांच्यासाठी बांधलंय!"

"पोरी, नेऊ गं," राजेश रडत म्हणाला. "पण नेऊन ठेवायचं कुठं? आंघोळ कुठं घालायची? एवढी माणसं उभी कुठं ऱ्हातील? झाडाखाली?"

आनंदीबाईनं पायवाटेकडं बघितलं. चढताना घर एकदम दिसत नाही, वळणावळणानं उलगडत जातं, असं समीक्षा पाहुण्यांना कौतुकानं सांगायची. आता त्या वळणांवरून तांबडं पाणी खाली येत होतं. वर त्याची खुर्ची होती, त्याचा पार होता, त्याची सावली होती. वर त्याला न्यावं असं तिच्या जिवाला वाटत होतं. आणि वर नेलं तर आळीतली निम्मी माणसं खालूनच हात जोडून परत जातील, हेही तिला दिसत होतं. ज्या माणसानं आयुष्यात आपल्याकडं कुणाचं लक्ष वेधून घेतलं नाही, तो शेवटचा चार माणसांत जाणार की भिजत चोरासारखा निघणार, एवढाच प्रश्न होता. आणि त्याचं उत्तर तिच्या एकटीच्या हातात होतं, पण ते द्यायला तिला आळी ओलांडावी लागणार होती.

ती ओलांडली तिनं. गटाराच्या कडेनं नाही, मधून.

जुन्या घराच्या ओटीला आता लोखंडी ग्रील बसलं होतं. आळीत सगळ्यांनीच बसवलं होतं, चोऱ्या होतात म्हणून. मधली भिंत पाडून जनानं हॉल मोठा केला होता आणि ओटीवर मोटरसायकल, खताच्या गोणी, प्लॅस्टिकच्या खुर्च्या रचल्या होत्या. जना ग्रीलच्या आत उभी होती. तिनं सगळं बघितलं होतं.

"जना," आनंदीबाई म्हणाली. "वटी दे."

जना ग्रीलला येऊन भिडली.

"तू शप्पथ घेतलीवतीस," ती म्हणाली.

"व्हय."

"बापाची."

"व्हय. मोडली. आता दे."

मग तिला एकदम काय झालं, ती आत धावली, परत आली, पुन्हा आत धावली. "अगं बाय, चावी कुठं ठेवली गं मी? हितंच व्हती... अवं, चावी कुणी घेतली?" चावी शेवटी तिच्या कमरेलाच सापडली. संतोषनं चावी घेऊन उघडलं. चार जणांनी मोटरसायकल बाहेर काढून पावसात उभी केली, गोणी आत ढकलल्या. आनंदीबाईनं पायरीवर पाय ठेवला, आणि तो ठेवताना तिचं तोंड असं झालं होतं की जवळच्या बायकांनी मान वळवली.

भिवाजीला तिथं ठेवलं, जिथं तो जन्मला होता त्या खोलीच्या भिंतीबाहेर. पहिला हंबरडा जनानं फोडला. "भावजी, अवं भावजी!" आनंदीबाई मधल्या खांबाशी बसली आणि सगळी आळी, शेजारची वाडी, साजगावहून आलेले त्याचे भट्टीवरचे सोबती, सगळे त्या ओटीवर, पायऱ्यांवर, समोरच्या घरांच्या पडव्यांत दाटीनं बसले. गेला तो चार माणसांत गेला.

समीक्षा एका कोपऱ्यात उभी होती. ती बापाकडं बघत नव्हती. ओटीकडं बघत होती, या टोकापासून त्या टोकापर्यंत.

दिवस होईपर्यंत लोक बसायला येत राहिले, त्याच ओटीवर. आनंदीबाईसमोर पुरुष गुडघ्यांवर हात ठेवून गप्प बसायचे आणि उठून जायचे. बायका भाकऱ्या-पिठलं आणून द्यायच्या. जना चहा करायची, पण कप हातात देताना "घे" म्हणायची नाही, "घ्या" म्हणायची. आनंदीबाईला त्या 'घ्या'नं सारं कळलं. ती इथं दुखवट्याची पाहुणी होती. दिवस झाले, मंडळी पांगली आणि ती वर आली.

समीक्षाची रजा संपत आली होती. जायच्या आदल्या संध्याकाळी तिनं पुन्हा कागद पसरला. पेन्सिल धरली आणि बराच वेळ काहीच काढलं नाही.

"चुकलं माझं," ती म्हणाली.

"मी तरी कुठं सांगितलं? तिथंच बसून सुकट निवडत व्हते."

"अजून करता येईल, आई. खाली, रस्त्याला लागून. पुढचा एक आइन काढला तर मोठी ओटी बसते. छप्पर टाकू, पायऱ्या करू."

"झाडाला हात लावायचा नाय." आनंदीबाईचा जुना आवाज क्षणभर परत आला. "त्यांचं शेवटचं वरीस त्या झाडांनी वढलंय."

"मग झाड ठेवून काहीतरी..."

"आन बसंल कोण तिथं? आळी संपल्यावर चौथरा बांधला म्हणून त्याची वटी व्हत नाय गं. माणसांच्या वाटंत आडवी येते ती वटी. माणसं हितून जातच नायत." ती थांबली. "घर चांगलं हाय तुजं. गार हाय. असलंच बांध लोकांना. फकस्त त्यांच्या म्हाताऱ्या मानसांना इचार, त्यांच्याकडं कोण येतं म्हून."

"तू चल ना माझ्याबरोबर पनवेलला."

"तिथं कोण येतं तुझ्याकडं?"

समीक्षा उठून बॅग भरायला लागली. सकाळच्या गाडीनं ती गेली. कागद टेबलावर कोराच राहिला होता. आनंदीबाईनं तो घडी करून कणगीच्या मागं ठेवून दिला.

दुपारी पाऊस थोडा उघडला तेव्हा तिनं, वर येताना जनानं पिठलं घालून दिलेलं पातेलं घासून पुसून काढलं. एरवी भांडं परत देताना आळीत कुणी रिकामं देत नाही, चिमूटभर तांदूळ तरी टाकतात. दुखवट्याचं भांडं मात्र रिकामंच द्यायचं असतं. ते काखेत घेऊन ती वळणं उतरून खाली आली. आळीत कुणी नव्हतं. टीव्हीचे आवाज घराघरांतून येत होते. मोटरसायकल पुन्हा ओटीवर आली होती, गोणीही. ग्रीलला कुलूप होतं.

तिनं पातेल्याचा काठ ग्रीलवर दोनदा आपटला.

"कोण हाय?" आतून जनाचा आवाज आला.

इतक्या वर्षांत त्या ओटीवर आलेल्या कुणाला हे विचारलं गेलेलं तिनं ऐकलं नव्हतं.

"मी गं," ती म्हणाली. "आनंदी."

"थांबा हां, चावी आणते."

आनंदीबाई रस्त्यावर उभी राहिली. पाऊस पुन्हा बारीक सुरू झाला, तसं तिनं ते रिकामं पातेलं डोक्यावर धरलं.